खात्री शंभर टक्के

"साखर घातलीय, ताई. पटत नसेल तर माझ्या कपाळाला पट्टी लावा," कोर्टाच्या कॅन्टीनमधले पावसकर म्हणाले आणि शेजारच्या बाकावरचे दोघे वकील हसले. चहा बिनसाखरेचा होता. पावसकर खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं खरंच वाटत होतं.

विभावरी तांडेलने कप बाजूला ठेवला. खात्रीपट्टी तिनेच बनवली होती. मेंदूतल्या लहरींवरून, माणसाला आपल्या बोलण्याची किती खात्री आहे ते ही पट्टी शंभरपैकी आकड्यात सांगे. लग्ननोंदणीपासून साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत ती आता सगळीकडे पोचली होती.

अध्यक्षीय पद्धत आली तेव्हा घटनेत एक वाक्य आलं होतं: संकटाची खात्री पटल्यास राष्ट्राध्यक्षांना संसदेशिवाय वटहुकूम काढता येईल. पूर्वी न्यायालय विचारी, खात्री कशावरून? हल्ली सरकार नुसता पट्टीचा आलेख दाखल करी. अशाच वटहुकुमाखाली तिचा धाकटा भाऊ हर्षद अटकेत होता. त्याने धरणाच्या भेगांवर लेख लिहिला होता. आज त्याच्या सुटकेची याचिका फेटाळली, तर संध्याकाळच्या बोटीने त्याला बेटावरच्या तुरुंगात नेणार होते. तिथून याचिका करता येत नसे.

"वकिलाने सांगू नये ते सांगते," हर्षदची वकील सलमा मुकादम हळूच म्हणाली. "आलेखात खोट आहे म्हण."

"पिंजऱ्यात माझ्याही कपाळाला पट्टी असेल, सलमा."

ती पिंजऱ्यात उभी राहिल्यावर सरकारी वकील राजोपाध्ये यांनी थेट विचारलं, "राष्ट्राध्यक्षांचा हा आलेख अस्सल आहे?"

"आहे. त्यांची खात्री शंभर. पण पट्टी खात्री मोजते, खरेपणा नाही. त्यांनी काय तपासलं, ते न्यायालयाने विचारायला हवं."

"घटनेत 'खात्री' एवढाच शब्द आहे, डॉक्टर," न्यायमूर्ती थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "ती तुम्हीच मोजून दिलीत. आम्ही आणखी काय विचारणार?"

राजोपाध्ये वळले. "तुमचा भाऊ निर्दोष आहे?"

"आहे."

पडद्यावरची तिची रेषा थरथरत एक्क्याण्णववर थांबली. प्रत्येक निष्कर्षात चुकीला जागा ठेवायची तिची जन्माची सवय सख्ख्या भावापाशीही सुटली नव्हती.

"घ्या. बहिणीलाच खात्री नाही," राजोपाध्ये म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. सलमाने डोळे मिटून घेतले.

पडद्यावर आता दोन्ही रेषा शेजारी शेजारी होत्या. राष्ट्राध्यक्षांची ताणलेल्या दोरीसारखी सरळ, तिची अजून हलणारी. याचिका फेटाळण्यासाठी न्यायमूर्तींनी पेन उचललं. विभावरीने कठडा घट्ट धरला.

"सही करा, पण आधी एवढं सांगा. या दोघांपैकी विचार कुणी केलेला दिसतो?"