चढावरचा जळका वास

वाघझरी घाटाचं दुसरं वळण घेतलं आणि कावेरीला जळका वास आला. आधी वाटलं, बाहेर कुणी पालापाचोळा पेटवला असेल. तिने काच वर केली, तरी वास येतच राहिला. देवळाजवळच्या सपाटीवर तो जरा कमी झाला, पण पुढच्या चढावर पुन्हा वाढला.

"आबा, हा वास आपल्या गाडीचाच आहे."

आबांनी मान डोलावली. तेही हुंगत होते.

गाडी थांबवणं मात्र सोपं नव्हतं. कावेरीच्या मांडीवर थंड डबा होता आणि डब्यात प्रतिविष (सापाचं विष उतरवणारं औषध). वनरक्षक जानूकाकांना सकाळी घोणस चावली होती. घाटमाथ्यावरच्या दवाखान्यात होतं तेवढं औषध देऊन झालं होतं आणि पुढचा डोस तासाभरात हवा होता. वाऱ्यामुळे ड्रोन उडत नव्हते. विजेवर चालणारी रुग्णवाहिका दूरच्या गावी गेली होती. २०५८ सालात पायथ्याच्या गावात लगेच निघू शकणारी एकच गाडी होती, ती म्हणजे आबांची इथेनॉलवर (उसापासून बनवलेल्या इंधनावर) चालणारी जुनी मोटार.

"आता पाऊण तास उरलाय. तसंच जाऊ या ना," कावेरी म्हणाली.

"आणि वाटेत पेट घेतला तर? औषधही पोहोचणार नाही आणि आपणही." आबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चाकामागे दगड लावला. "जळका वास म्हणजे गाडीची तक्रार. काय जळतंय ते आधी ऐकून घेऊ."

आबा रसायनशास्त्रज्ञ होते. तीस वर्षं त्यांनी वासांचाच अभ्यास केला होता. त्यांनी बनवलेला यंत्रमानव, सुगावा, मागच्या सीटवरून खाली उतरला. तो मांजराएवढा होता आणि त्याच्या लांब नाकात चारशे संवेदक (वासाचे कण ओळखणारे छोटे भाग) होते.

"वास म्हणजे त्या वस्तूचे हवेत उडालेले अतिसूक्ष्म कण," आबा बॉनेट उघडता उघडता म्हणाले. "वस्तू वेगळी, की कण वेगळे. रबरी पट्टा घासला तर टायर जळल्यासारखा वास येतो. वायर वितळली तर प्लॅस्टिकचा उग्र वास. इंजिन थंड ठेवणारं पाणी गळलं तर गोडसर. सुगावा, हा कसला?"

सुगावाने नाक इंजिनावर फिरवलं. "जळकं इंजिन ऑइल. खात्री त्र्याण्णव टक्के."

"पण ऑइल तर इंजिनाच्या आत असतं," कावेरी म्हणाली.

"आत जळत असतं, तर धूर मागच्या नळीतून आला असता. तिथे हुंग बरं, सुगावा."

"मागची नळी स्वच्छ."

म्हणजे ऑइल बाहेर जळत होतं. पण कुठून येत होतं? कावेरी वाकून पाहू लागली. पुढची बाजू कोरडी होती. मग तिला एक गोष्ट आठवली.

"आबा, वास चढावर वाढला. देवळाजवळ थोडी सपाटी होती ना, तिथे कमी झाला होता."

"माझ्या संवेदकांची नोंदही तसंच सांगते," सुगावा म्हणाला.

"चढावर गाडीचं नाक वर असतं. वाटी तिरपी केली की आमटी एका कडेला येते, तसं ऑइल मागे जात असेल. मग गळती मागच्या बाजूला असणार," कावेरी म्हणाली.

आबांनी विजेरी तिच्या हातात दिली. इंजिनाच्या वरच्या झाकणाची मागची कड ओली चमकत होती. तिथून ऑइल थेंब थेंब धूर वाहून नेणाऱ्या तापलेल्या नळीवर पडत होतं आणि निळसर वाफ होऊन उडत होतं.

"झाकणाखाली गॅस्केट असतं," आबा म्हणाले. "दोन धातूंमधली फट बंद करणारी रबरी पट्टी. कुकरच्या रिंगसारखी. झाकण सैल असेल तर कुकरमधून वाफ जाते, इथून ऑइल जातं."

पण इंजिन तापलेलं होतं. पाणी ओतलं तर गरम धातूला तडा जाण्याची भीती. थांबणं भाग होतं. ती पंधरा मिनिटं कावेरीला फार लांब वाटली. ड्रोन अडवणारा वारा इथे मात्र इंजिन थंड करत होता.

हात लावता येईल इतकं निवल्यावर आबांनी तिला पाना दिला. मागचे तीन बोल्ट चक्क बोटांनी हलत होते.

"एक इकडचा, मग समोरचा. थोडा थोडा आवळ. म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. फार आवळलास तर रबर चिरडेल."

तिने बोल्ट आवळले. आबांनी नळीवरचं ऑइल कापडाने पुसलं, इंजिनातलं ऑइल पुरेसं आहे ना ते पाहिलं आणि किल्ली फिरवली. दोघंही नाक पुढे करून बसले. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं.

"ऑइलचा वास नाही," सुगावा म्हणाला.

कावेरीने डबा घट्ट धरला.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा सहा मिनिटं शिल्लक होती. डॉक्टरीणबाई डबा घेऊन आत धावल्या. संध्याकाळी त्यांनी कावेरीला दारातून आत पाहू दिलं. जानूकाकांनी तिला ओळखलं आणि बोटं हलवली.

बाहेर बाकावर बसल्यावर कावेरीने विचारलं, "सुगावा, माणूस आजारी पडला की त्याच्या श्वासाचा वास बदलतो का?"

"काही आजारांत बदलतो. पण ते ओळखायला मला अजून कुणी शिकवलेलं नाही."

कावेरीने आबांकडे पाहिलं. ते हसून थोडे सरकले आणि तिने सुगावाला दोघांच्या मध्ये बसवलं.

"मग उद्यापासून शिकायला लागू," ती सुगावाला म्हणाली. "आपण दोघंही."