अण्णांच्या तीन ओळी

बुधवारी दुपारी अण्णांनी डबा उघडला, पोळीची घडी उलगडली आणि विचारलं, "सुनंदा, मेथी धुतली होतीस ना? की शेतातली माती तशीच आपल्या पोटात चालली?"

"धुतलीय. तीनदा."

"मग ठीक. एकदा धुतलेल्याला मी धुतलेलं म्हणत नाही."

सुनंदा हसली. मार्च एकोणऐंशीचा होता, उन्हं नुकती चावायला लागली होती. सुरतेजवळच्या उधन्याच्या त्या डाइंगच्या गिरणीत थंड हवेची एकच खोली होती आणि ती माणसांसाठी नव्हती. मुंबईच्या एका कॉलेजने मोडीत काढलेला कॉम्प्युटर बन्सीलाल शेठनी हौसेने आणून तिथे बसवला होता. खोलीच्या काचेतून समोर जेट दिसायचं. जेट म्हणजे कापड रंगवायचं, माणूस उभा मावेल एवढं लोखंडी भांडं. त्याच्या दारात जाड काचेची एक गोल खिडकी होती. वाफ आत सोडणारा व्हाल्व पूर्वी हाताने फिरवत. आता कॉम्प्युटर मोटरने फिरवायचा; लाइट गेली तरच हाताने. दार कितीही बंद केलं तरी आंबट रंगाचा वास खोलीत यायचाच.

कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात व्हाल्व सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्याला ड्रायव्हर म्हणत. तो अण्णांनी लिहिला होता. अण्णा, म्हणजे चंद्रकांत सबनीस, तीस वर्षं तारखात्यात होते; रिकाम्या चौकटीत आडवी रेघ मारल्याशिवाय त्यांनी एकही फॉर्म पुढे सरकवला नव्हता. निवृत्तीनंतर ही विद्या ते मुलीकडून शिकले आणि वर्षभरात तिच्याच चुका काढू लागले. यंत्राच्या स्मृतीत चार हजार शहाण्णव घरं होती. कुठल्याही घरात काम सुरू करण्याआधी अण्णा तिथे शून्य लिहीत. "आधी कोण राहून गेलं, काय टाकून गेलं, आपल्याला काय ठाऊक?" ते म्हणायचे. आणि ते खरंच होतं, कारण या यंत्राची स्मृती लोखंडी मण्यांची होती. वीज गेली तरी मणी काही विसरत नसत.

सोमवारी शेठना अहवालावर कापडाचा घाणा नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, छापून हवा होता आणि स्मृतीत जागा नव्हती. सुनंदाने ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या तीन ओळी काढल्या, घरांत शून्य लिहिणाऱ्या. तिचा हिशोब सरळ होता. व्हाल्वच्या घरात एरवीही क्षणभराने थर्मामीटरवरून काढलेला आकडा येतोच. मग शून्य कशाला? संध्याकाळी अण्णांना सांगू, असं तिने ठरवलं. मंगळवारीही ठरवलं.

"ड्रायव्हर मी लिहिला तसाच आहे ना?" डबा बंद करताना अण्णांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

सव्वादोनला लाइट गेली. जेट थांबलं. धुडकूने, म्हणजे जेट चालवणाऱ्याने, दाब सोडून भांडं उघडलं. रिकामा वेळ अण्णांना सोसायचा नाही. थर्मामीटरची कांडी पुसायला त्यांनी उपसून काढली आणि आतली जाळी साफ करायला खांद्यापर्यंत भांड्यात वाकले. वीस मिनिटांनी लाइट आली. सुनंदाने यंत्राचं बटण दाबलं. टेलिप्रिंटर खडखडला आणि व्हाल्व किती उघडायचा तो आकडा कागदावर उमटला.

६१.

काचेपलीकडे सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला.

अण्णा तीन दिवस होते. दवाखान्यातल्या केसपेपरवर डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलं होतं: भाजल्याचं प्रमाण, एकसष्ट टक्के. सुनंदाने तो आकडा पुन्हा वाचला. मग पर्स उघडली आणि टेलिप्रिंटरवरून फाडून आणलेला कपटा त्याच्याशेजारी धरला. हा आकडा तिने कोणाला सांगितला नव्हता. थर्मामीटर जाग्यावर नसल्याने घरात लाइट जाण्याआधीचाच आकडा उरला होता आणि यंत्राने तोच व्हाल्वला दिला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर आले. ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"किती आलं होतं?"

"शून्य, अण्णा."

त्यांनी डोळे मिटले. नंतर ते बोलले नाहीत.

गिरणीने दोष धुडकूवर ठेवला. व्हाल्व त्यानेच उघडा ठेवला असणार, यंत्र कशाला ठेवील, असं शेठ म्हणाले. पोलिसांनी जबाब घेऊन त्याचा अंगठा उठवला. कारखान्यांचे इन्स्पेक्टर दहाव्यानंतरच्या सोमवारी येणार होते. त्यांनी तसंच लिहिलं की धुडकू तुरुंगात जाणार, हे त्याच्या नवागामच्या चाळीतल्या पोरांनाही कळलं होतं.

दहाव्याचा विधी आटोपून सुनंदा कामावर आली. पहिल्यांदा तिने काय केलं, तर घाणा नंबर काढून टाकला आणि त्या तीन ओळी होत्या तिथे परत लिहिल्या. कोणी पाहिलं नाही. व्हाल्वच्या मोटरची वायर सोडवून ठेवली, थर्मामीटर काढला, त्या दिवशीसारखं सगळं केलं आणि बटण दाबलं. आता शून्य यायला हवं होतं.

६१.

तिने समोरच्या कळा एकेक खालीवर करून त्या घरात हाताने शून्य भरलं. कळांवरचे दिवे विझले, म्हणजे घर रिकामं. बटण दाबलं. ६१. मग घरच बदललं, स्मृतीच्या दुसऱ्या टोकाचं, कधीच न वापरलेलं घर दिलं. ६१. प्रोग्रॅम तिने ओळीवर बोट ठेवून वाचला, आधी मनात, मग मोठ्याने. चूक नव्हती. शून्य लिहिलं जात होतं आणि पुढच्याच ओळीला ते तिथे नसायचं.

शनिवारी सकाळी दारात कोणीतरी खाकरलं. धुडकू होता. चपला हातात धरल्या होत्या.

"ताई, शेठले तुम्ही सांगा ना. मी व्हाल्व बंद करेल व्हता. मी खोटं बोलत नही."

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. काय मनात आलं कोण जाणे, ती म्हणाली, "धुडकू, हे बटण दाब."

"मी? नको, ताई."

"दाब."

त्याने अंगठा सदऱ्याला पुसला आणि दाबलं. टेलिप्रिंटरने शून्य छापलं.

तिने दाबलं. ६१.

त्याने दाबलं. शून्य. तिने दाबलं. ६१. असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. कागद टेबलावरून जमिनीवर उतरला. धुडकूला वाचता येत नव्हतं, पण दोन आकृत्या वेगळ्या आहेत एवढं दिसत होतं.

"तुमनाच हातथीन आसं काबर व्हस, ताई?"

तिच्याच हातून असं का, हे तो पुन्हा विचारायच्या आत तिने कागद गुंडाळून पर्समध्ये कोंबला. मग तिच्या ध्यानात आलं, की आता यंत्र दुसऱ्या कोणाच्याही हाती निर्दोष ठरणार. आणि यंत्र निर्दोष, तर धुडकू गुन्हेगार. त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा तिने स्वतःच, तीन ओळी परत लिहून, पुसला होता.

सोमवारी अकराला इन्स्पेक्टर आले. हिंदीभाषक, सावकाश बोलणारे गृहस्थ. धुडकूला भिंतीशी उभं केलं होतं.

"सुनंदाबेन, साहेबने जरा चालू करीने बतावो," शेठ म्हणाले.

"मैं खुद देखता हूँ," म्हणून इन्स्पेक्टरांनीच बटण दाबलं.

शून्य.

त्यांनी पुन्हा दाबलं. शून्य. मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. धुडकू सुनंदाकडे पाहत नव्हता. आपल्या पायांकडे पाहत होता.

सुनंदा पुढे झाली. तिने बटण दाबलं.

टेलिप्रिंटर खडखडला. इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं.

"फिर से कीजिए."

६१.

पुन्हा. ६१.

शेठनी घाम पुसला. मग त्यांचा चेहरा एकदम सैलावला. "जुओ साहेब, आ तो मशीनची भूल. जुनी मशीन. कोईचो दोष नथी, ना ह्याचो, ना बेनचो."

इन्स्पेक्टरांनी विचार केला. "हो सकता है," ते म्हणाले आणि लिहिलेल्या ओळीवर काट मारली. धुडकू खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

झालं होतं. धुडकू सुटला होता. तिला कोणी काही विचारणार नव्हतं.

सुनंदाने काचेतून पलीकडे पाहिलं. जेटचं दार बंद होतं. अपघातापासून बॉयलर पेटवला नव्हता; व्हाल्वची वायर जमिनीवर पडली होती.

दारातली गोल काच धूसर होत होती. आतून.

इन्स्पेक्टर कागद आवरत होते. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. धुकं खालून वर चढलं, काच पूर्ण पांढरी झाली आणि मधोमध, खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढी एक जागा मात्र काळी राहिली. कोणीतरी आतून हात टेकून उभं असावं तशी.

ती खोलीबाहेर गेली. शेठ हाक मारत होते. जेटच्या दारापाशी तिने तळवा त्या काळ्या जागेवर ठेवला. लोखंड गार होतं, काच कोमट होती.

"शून्य नव्हतं आलं, अण्णा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एकसष्ट आलं होतं. तुमच्या तीन ओळी मी काढल्या होत्या."