मोरेश्वरजींचा वाचक

राजा पार्कच्या बाजारात आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, सुटलं तेव्हा कौमुदी नलवडे फोनवर वडिलांशी बोलत होती, आणि डोळ्यांत धूळ गेल्याच्या निमित्ताने रडूनही घेत होती. समोर दिसलं त्या लस्सीच्या दुकानात ती घुसली.

"नाही हो बाबा, नोकरी कायम होईलसं वाटत नाही. निवड समिती म्हणते, माझ्या संशोधनाचा कुणी आधारच घेत नाही. सायटेशन अगदीच कमी..."

फोन ठेवला, तर शेजारून एक रुमाल पुढे आला.

"धुळीसाठी," रुमालवाला म्हणाला. "मराठी ऐकली आणि राहवलं नाही. मी निहार. इथेच, खातीपुऱ्याच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, म्हणून माझी मराठी... मतलब, जरा डगमगते."

तोही मेंदूवरच संशोधन करणारा निघाला. तिचा विषय उंदरांची वासाची आठवण, हे ऐकताच स्वारी खुलली.

"मग एन. के. मोरेश्वर ठाऊक असणार तुम्हाला! माझ्या प्रत्येक पेपरात त्यांचा आधार आहे. माझ्याच कशाला, सगळेच घेतात. काय लिहितात! मी तर त्यांना मनात मोरेश्वरजीच म्हणतो. बुजुर्ग असतील ना?"

कौमुदीने हातातली लस्सी खाली ठेवली.

"मोरेश्वरजींचं सांगलीत चष्म्यांचं दुकान आहे," ती सावकाश म्हणाली. "माझे बाबा आहेत ते."

पहिले दोन निबंध पाठवताना तिने नाव मार्कशीटवर असतं तसंच भरलं होतं, आडनाव आधी: नलवडे कौमुदी मोरेश्वर. छापून आलं तेव्हाही तिला काही वावगं वाटलं नव्हतं. परदेशातल्या संगणकाने मात्र शेवटचा शब्द आडनाव धरला, आणि लेकीचं सगळं श्रेय बापाच्या नावावर जमा केलं! समितीने मोजलं ते फक्त नंतरच्या, कौमुदी नलवडे या नावाने छापलेल्या निबंधांचं.

"म्हणजे ते वाक्य..." निहारचे कान लाल झाले. "ते तुम्ही लिहिलंत?"

"कोणतं?"

त्याने पाठ म्हणून दाखवलं. एका शब्दालाही अडखळला नाही. आपलं कुणी वाचतच नाही, असं म्हणत कुढणाऱ्या कौमुदीला पुन्हा रुमाल लागला.

दुरुस्तीचा अर्ज दोघांनी मिळून केला. मग उत्तर आलं का, हे विचारायला निहारचा फोन येऊ लागला. उत्तराची चौकशी एका वाक्यात उरकायची, गप्पा मात्र संपता संपत नसत. इकडे समितीची बैठक जवळ येत होती आणि कौमुदीचा जीव टांगणीला. शेवटी एकदाची दोन्ही नावं एक झाली, समितीने फेरविचार केला, नोकरी कायम झाली. कौमुदी मोठ्याने "हुश्श" म्हणाली आणि पहिला फोन केला तो निहारला. बाबांना नंतर. हे तिच्या नंतर लक्षात आलं, आणि ती एकटीच लाजली.

संध्याकाळी दोघं त्याच लस्सीच्या दुकानात बसले.

"एक सांगू?" निहार म्हणाला. "लग्नानंतर नाव बदलू नका हं. पुन्हा सगळं दोन ठिकाणी वाटलं जाईल."

"कुणाशी लग्न झाल्यावर?"

निहारने लस्सीतली साय चमच्याने बाजूला सारली. "मोरेश्वरजींना विचारायचंय. मतलब... आधी तुम्हाला. तुमच्या लिहिण्यावर तर केव्हाचा जीव आहे. आता तुमच्यावर पण... जीव... काय म्हणतात ते—"

"जडलाय," कौमुदी हळूच म्हणाली. "जीव जडतो. माझाही जडलाय."

मग तिने सांगलीला फोन लावला. "बाबा, तुमचा एक जुना वाचक बोलतोय. तो मला मागणी घालेल. नाव सोडून सगळं देऊन टाका!"