सीफा नावाचं स्टेशन

"सिग्नल उजवीकडं? रेवण्या, आपल्याकडं सिग्नल डाव्या हाताला असतो!" दामिनी कडाडली.

दिवाळीची सुट्टी, सृष्टीचा लॅपटॉप आणि ती, दामिनी, रेवणसिद्ध असे तिघं मिळून बनवत असलेला आगगाडीचा खेळ, लातूर रोड ते नांदेड! सिग्नल, खांब, फाटक, सगळं अस्सल हवं हा दामिनीचा हट्ट. तिचे पप्पा धम्मानंद रेल्वेत चावीवाले. खांद्यावर हातोडा टाकून, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज मैलोन्‌मैल चालायचे. त्यांच्या लेकीला खोटा सिग्नल कसा खपणार?

मे महिन्यात खेळ सुरू केला तेव्हा रेवणसिद्धनं तर कहर केला होता. रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवर 'सी/फा' वाचून पठ्ठ्यानं खेळात 'सीफा' नावाचं स्टेशनच बांधलं, चहाच्या टपरीसकट! पप्पा पोट धरधरून हसले होते. "अरं बाबा, सी म्हंजी सीटी आन् फा म्हंजी फाटक! पुढं फाटक हाय, शिट्टी वाजव, असं डायव्हरला सांगती ती पाटी!"

आता मात्र पप्पा मुरगळलेला पाय बांधून खाटेवर होते. परवा त्या पाटीपुढच्याच वळणावर गाडी शिट्टी न देताच अंगावर आली. विजेचं इंजिन ते, आवाज कसला! उडी मारली म्हणून वाचले. "सोमवारी पुन्हा तिथंच जायचंय," एवढंच ते म्हणाले.

"पाटी असून शिट्टी का नाही दिली? का पाटीच गेली?" दामिनीनं वही उघडली. मेमध्ये टिपलेला पाटीजवळच्या खांबाचा नंबर होताच. तिघं शेताच्या बांधावरून निघाले. खांब सापडला. पाटी गायब! रेवणसिद्धनं कडेच्या उसात हात घातला आणि ओरडला, "हाय की! उसात गडप झालीया!"

ऊस रेल्वेच्या हद्दीचा दगड ओलांडून थेट पाटीसमोर उभा होता. आणि तो कुणाचा? रेवणसिद्धच्याच भागवतकाकांचा!

तिघांनी जाऊन सांगताच काका भडकले. "चार ओळी उसानं काय आभाळ कोसळतंय? डायव्हर उंच बसतोय, त्याला समदं दिसतंय! आन् पोरी, तुझ्या बापाला कान न्हाईत का?"

"कान हायत, काका. शिट्टीच न्हाई!" दामिनी जागची हलली नाही.

परतताना रेवणसिद्धचा चेहरा लाल झाला होता. "काका माझे हायत, पण हे मी सोडणार न्हाई," तो म्हणाला.

त्यांनी बांबूनं ऊस मोजला. बारा फूट! तेवढाच ऊस खेळात पेरला. डायव्हरची खुर्ची पप्पांना विचारून खऱ्या इंजिनाइतकी उंच ठेवली.

पाडव्याला काकांच्या ओसरीवर गाव फराळाला जमलं. रेवणसिद्धनं लॅपटॉप पुढं सरकवला. "काका, गाडी चालवता? का जमायचं न्हाई?"

"मला? ट्रॅक्टर काय तू चालवतोस व्हय रं?" काका मिशीवर हात फिरवत बसले.

"नियम एकच," सृष्टी म्हणाली. "पिवळी पाटी दिसली की शिट्टी!"

गाडी सुटली. सिग्नल हिरवा. काका रंगात आले. वळण आलं, ऊसच ऊस... आणि एकदम रुळात पाठमोरा माणूस! नारिंगी जाकीट, खांद्यावर हातोडा! सृष्टीनं खेळ तिथंच थांबवला.

"लबाड पोरं! पाटी लावलीच न्हाई तुमी!"

दामिनीनं कळ दाबली. पडद्यावरचा ऊस नाहीसा झाला. पिवळी पाटी तिथंच उभी होती. "होती, काका. डायव्हरइतक्याच उंचीवरून बघितलं तुम्ही."

"आन् ह्यो माणूस कोण?"

"माझे पप्पा," दामिनी म्हणाली.

चतुराकाकूंनी करंज्यांचं ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः कोयता घेऊन उसात शिरले. हद्दीच्या दगडापर्यंत एक कांडं ठेवलं नाही.

सोमवारी धम्मानंद कामावर गेले. तिघं फाटकाबाहेर श्वास रोखून उभे होते. आणि वळणापलीकडून आली, लांबलचक शिट्टी! गाडी दिसायच्या आत पप्पा रुळाबाहेर होते, हातात हिरवं निशाण. दामिनी रडता रडता हसायला लागली.

काका मागंच उभे होते. "धम्मानंदभाऊ, माझं चुकलं," ते फाटकाकडं आलेल्या पप्पांना म्हणाले. "पोरगी लई खमकी हाय तुमची. आमची पोरंबी कमी न्हाईत. मला पुन्हा गाडीवर बसवा रं, आता शिट्टी चुकायची न्हाई!"

"बसवतो. पण सीफा स्टेशन ठेवायचं!" रेवणसिद्धनं संधी साधली. "टपरीसकट!"

"ठेव," दामिनी डोळे पुसत म्हणाली. "सिग्नल तेवढा डाव्या हाताला लाव!"