रोसेंदाच्या अंगठ्याच्या रेघा

"अंगठा माझाच आहे म्हणतात. पण मी दिलेलाच नाही," असं म्हणत नानाय रोसेंदानं खरेदीखताची नक्कल लुर्दिसपुढे टाकली. साठीची ही बाई, सगळ्यांची नानाय म्हणजे आई, फिलिपिन्समधल्या बुकिडनॉनच्या कारखान्यात तीस वर्षं अननस कापत होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. बारा जूनच्या त्या कागदानं तिचं घर परसासकट विकलं गेलं होतं आणि सोमवारी तिला बाहेर काढणार होते.

लुर्दिस लोकांच्या भानगडींचा छडा लावायची. नेस्तोर तिच्याबरोबर हिंडायचा आणि घाईनं तर्क लढवायचा. "हिच्या पुतण्याचंच काम," तो लगेच म्हणाला.

लुर्दिसनं म्हातारीचा अंगठा भिंगाखाली धरला. सुरीचा तिरपा व्रण, बाकी कातडी गुळगुळीत. कागदावरही तोच व्रण होता, पण भोवती रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

"कामावर खाडा कधी?"

"जानेवारीत महिनाभर तापानं पडले होते. लेक आली सेबूहून, मारिवेल. भरवलं, न्हाऊ घातलं. ती फेब्रुवारीत गेली तशी मी रोज कामावर." सांगताना म्हातारीचा चेहरा उजळला.

खरेदीखतावर सही-शिक्का करणारा वकील गुरगुरला, "कागद टपालानं आला, अंगठ्यासकट. पाकिटावर पाठवणारीचं नाव म्हातारीचंच. मी तारीख घातली. 'माझ्यासमोर अंगठा दिला' असं लिहायची रीतच आहे, बाई."

पुतण्या क्रिस्पुलो म्हणाला, "गिऱ्हाईक आणलं होतं मी. काकीनं हाकललं. बारा जूनला? तिच्याकडेच जेवलो की." नेस्तोरनं लुर्दिसला कोपरानं ढोसलं.

मारिवेल फोनवर म्हणाली, "फेब्रुवारीपासून मी सेबू सोडलेलं नाही. हवं तर तपासा."

संध्याकाळी लुर्दिसनं रोसेंदाला आणि क्रिस्पुलोला बोलावलं.

"अननस खाताना जीभ चरचरते ना? कातडी प्रथिनांची असते. लांब साखळ्या, एकमेकींत गुंफून घट्ट झालेल्या. अननसाच्या रसातही एक प्रथिन असतं, पण त्याची घडणच अशी की ते कात्रीचं काम करतं. रोज रसात हात, मग रेघा राहतील कुठून?"

"म्हणजे ठसा बनावट," नेस्तोर म्हणाला.

"व्रण खरा आहे, शहाण्या. अंगठा हिचाच. कात्री थांबली की कातडी काही आठवड्यांत पुन्हा रेघा विणते. जूनमध्ये हिच्या अंगठ्याला रेघाच नव्हत्या. या वर्षात हिचे हात कोरडे होते तो एकच महिना, तापाचा. ठसा तेव्हाच घेतलाय."

गुन्हेगार क्रिस्पुलोच निघाला असता तर बरं झालं असतं, असं नेस्तोरला वाटलं.

"नाव सांगा, नानाय. घर परत मिळवता येईल."

"तापात नखं कापायची माझी," म्हातारी हळूच म्हणाली. "एकेक बोट हातात धरून." मग तिनं डोळे पुसले. "अंगठा माझाच आहे ना? मग मीच दिला असं लिहा."

"घर जाईल."

"जाऊ दे. घर गेलेलं लोकांना दिसलं तरी चालेल. लेक गेली ते कुणाला कळायला नको."

सोमवारी नेस्तोरनं तिचं सामान हातगाडीवर चढवलं. कुठं न्यायचं, ते तिला सांगता येईना.