चौथी भिंत

फोटोत ती खोली इतकी ऐसपैस दिसत होती, की तिनं मनातल्या मनात आईची आरामखुर्ची खिडकीपाशी ठेवूनही टाकली होती. प्रत्यक्षात तिनं दार ढकललं, ते पलंगाला आपटलं आणि अर्ध्यावरच अडकलं. ती तिरकी होऊन कशीबशी आत शिरली. आत एक तरुण भिंतीला पाठ चिकटवून कॅमेऱ्यात डोळा घालून उभा होता.

"जरा बाजूला व्हा हं... तुम्ही फोटोत येताय."

"कुठे होऊ बाजूला? पलंगावर चढू?"

त्यानं मान वर केली. घर दाखवणारा एजंट अजून आला नव्हता. या खोलीचे आणखी दोन फोटो राहिले होते म्हणून हा साहेब लवकर येऊन बसला होता, एवढं तिच्या ध्यानात आलं. आणि मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली.

"वेबसाइटवरचे फोटो... तुम्ही काढलेत?"

"हो. आवडले?" पठ्ठ्यानं चक्क अभिमानानं विचारलं.

मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, दोन बस बदलून येणं, फोटोत महाल आणि प्रत्यक्षात कपाट. मागच्या सुट्टीला पाहिलेली 'बागेकडची खिडकी' शेजाऱ्यांच्या मोरीकडे उघडत होती. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मी खोटं काही काढत नाही. जे असतं तेच येतं. फक्त... जरा जास्त येतं."

"वाइड लेन्स. मला नका शिकवू. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते मी. भिंगं हाच माझा धंदा आहे."

"आणि तरी फसलात?"

खरं तर तिनं त्याला फैलावर घ्यायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं. चिडलेल्या माणसाला मध्येच हसू येणं फार वाईट. त्यानंतर पुन्हा चिडताच येत नाही.

घराची घाई तिला होती ती आईसाठी. आई जिन्यात पडली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिसरा मजला हेच तिचं जग होऊन बसलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. आई दिवसभर गॅलरीत बसून खालचे लोक बघायची. "मला आता सगळ्यांचे भांग तेवढे ओळखू येतात," असं ती हसून म्हणायची. आईला पुन्हा रस्त्यावर चालताना बघायचं असेल, तर तळमजला हवा होता, रुंद दारांचा आणि स्वतःचा. घर विकत घेणारी ती घराण्यातली पहिलीच, त्यामुळे सल्ले द्यायला सगळे होते आणि माहिती कुणालाच नव्हती.

हे तिनं त्याला कसं काय सांगितलं, कोण जाणे. एजंटची वाट बघता बघता सांगून गेली.

"एक सांगू?" तो म्हणाला. "फोटोत तीन भिंती दिसतात. चौथी कुठे आहे, ते विचारायचं. चौथीला मी टेकलेला असतो. आणि मी मुद्दाम जिथे ओल असेल, तिथेच टेकतो."

तिनं त्याच्या पाठीकडे बोट केलं. तो वळला. शर्टावर चुन्याचा पांढरा नकाशा उमटला होता.

त्या दिवसापासून घरांचे फोटो आले, की ती आधी त्याला पाठवायची. 'हॉल मोठा वाटतो?' – 'सोफा काढून जिन्यात ठेवला होता मी.' 'स्वयंपाकघर?' – 'तिथे दोघांनी उभं राहायचं, तर आधी लग्न करावं लागेल.' हे वाचून तिनं फोन पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून वाचलं.

पुढं तो सुट्टीच्या दिवशी बरोबरच यायला लागला. ती दारांची रुंदी मोजायची, तो भिंतींवरून हात फिरवायचा.

"कोण गं हा?" आईनं विचारलं.

"फोटोवाला."

"लग्नाचे काढतो?"

"घरांचे."

"असू दे. सुरुवात कुठून तरी करावीच लागते."

एकदा त्यानं तिला एक तळमजला पाठवला. फोटो अगदीच मरगळलेले, अंधारा हॉल, बोळासारखी खोली. तिनं नाक मुरडलं, तर म्हणाला, "हे बघाच... माझ्यासाठी." त्या एका शब्दासाठी ती त्याच्याबरोबर गेली.

आणि दारातच थबकली. हॉलभर ऊन पडलं होतं. दारं रुंद, फरशी कोरडी, मागच्या अंगणात उतरायला एकच पायरी, तीही बोटभर उंच. आईला इथे कुणाचा हात धरावा लागणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. घराच्या मालकीणबाई शिवणाचे वर्ग घ्यायच्या. ते बंद करून त्यांना परगावी बहिणीजवळ राहायला जायचं होतं.

"तुम्ही पहिल्याच आलात," बाई म्हणाल्या. "इतके दिवस कुणी फिरकलंच नाही. ते फोटो बघून मलाच माझ्या घराची कीव आली. एजंट म्हणतो, भाव पाडा. पाडावाच लागणार आता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याची शिवण न्याहाळत होता.

फाटकाबाहेर येताच तिनं विचारलं, "पडदे कुणी ओढले होते?"

"...मी."

"का?"

"म्हटलं... तुम्ही बघेपर्यंत दुसऱ्या कुणाची नजर जाऊ नये. तुमच्या आईंना..."

क्षणभर तिला इतका आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली. आपल्यासाठी कुणी काही करावं, हे तिला नवीन होतं. पण आतल्या बाईंचा चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

"त्यांनाही बहिणीकडे जायचंय. आजवर माझ्यासारख्यांना फसवलंत, आता माझ्यासाठी त्यांना. आणि मलाही त्यात ओढलंत."

तो फाटकाची कडी लावत-काढत राहिला.

गप्प बसली असती, तर घर तिचंच होतं. तिला ते हवंही होतं, अगदी जीव तोडून हवं होतं.

"आत जाऊन सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

तो गेला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "उद्या उन्हात येऊन नीट काढ म्हणाल्या," एवढंच बोलला, आणि दोघं वेगवेगळ्या बसमध्ये बसली.

नवे फोटो लागताच घर बघायला रांग लागली. एका जोडप्यानं तिच्या आवाक्याबाहेरची किंमत देऊन ते घेतलं. ती स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली. आईनं रडू दिलं.

"घर गेलं ते गेलं," मग आई म्हणाली. "मुलगाही गेला का?"

"मीच बोलत नाहीये त्याच्याशी."

"आत जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं ना त्यानं?"

"सांगितलं."

"मग आता आणखी काय फाशी देणार आहेस?"

तिनं फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय लिहावं ते सुचेना. पुढच्याच आठवड्यात तो दुकानात येऊन उभा राहिला.

"डोळे तपासायचेत."

तिनं त्याला तपासणीच्या खोलीत बसवलं, दिवा मंद केला आणि त्याच्या नाकावर भिंगांची जड चौकट चढवली. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ती जरा जास्तच व्यवस्थित वागत होती.

"हे स्पष्ट, की हे?"

"दोन्ही सारखंच... एजंटनं मला कामावरून काढलं. बाईंना जे सांगितलं, ते त्यालाही सांगितलं मी."

तिचा हात थांबला. "आता?"

"शाळांमध्ये वर्गांचे फोटो काढतोय. पोरं आहेत तशीच येतात."

"खालची ओळ वाचा."

"तळमजल्याचं एक घर आहे."

"ते तक्त्यावर नाहीये."

"फोटो काढलेले नाहीत मी. स्वयंपाकघर अंधारं आहे, एक भिंत ओली आहे, शेजारी सुतार दिवसभर ठोकत असतो. पण दारं रुंद आहेत आणि पायरी एकही नाही. तुम्हाला एकटीला परवडणार नाही. मला तर नाहीच नाही. दोघांना मिळून..." तो अडखळला. "...जमेल."

ती भिंगांच्या पेटीत उगाचच काहीतरी शोधत राहिली.

"घर दाखवताय, की मागणी घालताय?"

"दोन्ही. उत्तरं वेगवेगळी दिलीत तरी चालतील."

"घराचं आईला घेऊन, बघून सांगते. खुर्चीवर बसवून उतरवू तिला. एका बाजूनं तुम्ही धरा."

"आणि दुसऱ्याचं?"

"ते बघून झालंय माझं."

तिनं हलक्या हातानं चौकट उतरवली. त्याच्या नाकावर दोन लाल वळ उठले होते. तिनं ते अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं आणि अर्धी सुट्टी मागायला मालकांकडे गेली.