आरोपीनं कसं उभं राहावं

"माझा नवरा चोर न्हाई वकीलसाहेब, पण त्यो कोर्टात हसला," सरजाबाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की शरदचंद्र वकिलांना त्याचीच दया आली.

नवरा, व्यंकटी, खाली मान घालून उभा होता. आत्ताही त्याच्या ओठांचे कोपरे थरथरत होते.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात वकील कमी असतील, या आशेनं शरदचंद्र नांदेड सोडून इथं आले होते. पण यंदा पाऊस आणि पक्षकार दोघांनीही पाठ फिरवली होती. त्यांची सगळी भिस्त होती कोर्टासमोरच्या लिंबाखाली स्टूल टाकून बसणाऱ्या साहेबरावांवर. कंधार, बिलोली अशा कोर्टांच्या दारात या माणसानं तीस वर्षं पुकारा केला होता. न्यायाधीश कागद वाचायचे, पट्टेवाला साहेबराव माणसं वाचायचे. पेन्शनीत आल्यापासून ते खासगी तपासाची कामं घेत, आणि पहिल्यांदा कोर्टात उभं राहणाऱ्या आरोपींना रीतभात शिकवत.

"काय म्हणून हसलास रे?" साहेबरावांनी विचारलं.

"जजसाहेबांनी इचारलं, इंजिन चोरल्याचा गुन्हा कबूल हाय का. मी म्हणलं, साहेब, इंजिन काय बंडीच्या खिशात बसतंय का? अन् मलाच हसू आलं. भ्यालो की मला हसूच येतंय."

"तोंडात तंबाखू होती," सरजाबाईनं भर घातली. "कठड्याला रेलून उभा व्हता. साहेब म्हणले, पुढच्या तारखेला असं केलंस तर जामीन रद्द."

हकिकत साधी होती. बोरखेडीच्या बसवराज पाटलांच्या विहिरीवर रॉकेलवर चालणारं एक छोटं इंजिन होतं. ते सांभाळायचं काम बारा वर्षांपासून व्यंकटीकडं. होळीच्या दिवशी भर दुपारी इंजिन नाहीसं झालं. गावातल्या भुजंग मिस्त्रीनं सांगितलं, की व्यंकटीला इंजिन गोणपाटात गुंडाळून नेताना आपण पाहिलं. पोलिसांना व्यंकटीच्या घरात तेलकट गोणपाट मिळालं. इंजिन काही मिळालं नाही.

"गोणपाट तर इंजिनावर झाकायचंच व्हतं," व्यंकटी म्हणाला. "शिवरात्रीला इहीर आटली. पार तळाला पोरं गोट्या खेळून राहिलीत. मग झाकणाचं काय काम? घरी आणून टाकलं."

"इंजिन ओळखशील?"

"हाव! निळं हाय. एक पाय मोडला व्हता, मीच खांद्यावर घेऊन जाऊन वेल्डिंग करून आणला. विंचू बसल्यावानी जाड जोड हाय."

साहेबराव स्टुलावरून उठले. "आता उभं राहायला शीक. नाव पुकारायच्या आधी दाराशी हजर. तोंड रिकामं. हात खिशात न्हाई, कठड्यावर न्हाई. इचारल्याशिवाय बोलायचं न्हाई. साक्षीदार खोटं बोलला तरी मान हलवायची न्हाई, ते काम वकीलसाहेबांचं. हसू आलं तर जमिनीकडं बघून वीस आकडे मोज."

"अन् टोपी?"

"काढून हातात धर. जिथल्या तिथल्या रीती असत्यात. बिलोलीला एक साहेब व्हते, त्यांना आरोपीची टोपी डाव्या काखेतच लागायची. एका बहाद्दरानं हातातली टोपी फेकून मारली व्हती त्यांना. साक्षीदाराला मात्र डोक्यावर घालायची मुभा. असलं मी दुसरीकडं कुठं पाह्यलं न्हाई."

व्यंकटीनं टोपी काढली, ताठ उभा राहिला, चौदापर्यंत मोजलं आणि फिसकन हसला. सरजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबराव आणि शरदचंद्र बोरखेडीला गेले. टँकरपुढं घागरींची रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत लागली होती.

बसवराज पाटील ओट्यावरच भेटले. सरळ, तापट माणूस. "माझं काही वाकडं न्हाई त्याच्याशी," ते म्हणाले. "पण भुजंगानं डोळ्यांनी पाह्यलं म्हणल्यावर मी काय करू? बारा वर्षांचा माणूस असा निघाला, ह्याचंच दुःख हाय."

"भुजंग गावचाच का?"

"दोन वर्षांखाली आला. इंजिनं दुरुस्त करतो. हात लई चांगला."

भुजंगचं दुकान वेशीबाहेर होतं. पत्र्याखाली इंजिनांची उघडी पडलेली दोन-तीन धुडं, आणि पुढं एक छोटं इंजिन, ताज्या हिरव्या रंगाचं. शरदचंद्रांनी सहज टेकायला त्यावर हात ठेवला, तर ते डुगडुगलं. एका पायाशी धातूची जाड गाठ आली होती. तळव्याला हिरवा रंग लागला. भुजंगनं लगबगीनं चिंधी पुढं केली.

"गिऱ्हाइकाचं हाय. निलंग्याकडचं."

साहेबराव गोड आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमची साक्ष हाय परवा. कोर्टाची सवय हाय का?"

"छे! जन्मात कोर्टाची पायरी चढलो न्हाई."

"मग घाबरायला व्हईल. थोडा सराव करू." आणि काही कळायच्या आत साहेबरावांनी तीस वर्षांचा आवाज लावला, "भुजंग मिस्त्री हाजिर हो ऽऽ!"

दुकानाचे पत्रे घुमले. भुजंग ताडकन उठला. टोपी काढली, डाव्या काखेत दाबली, नजर खाली घातली.

"छान," साहेबराव म्हणाले. "असंच उभं राहा."

परतीच्या वाटेवर शरदचंद्र म्हणाले, "मामा, माणूस फार अदबशीर वाटला हो. आपल्या व्यंकटीपेक्षा बरा."

"हाव, लई बरा," साहेबराव म्हणाले. "मी उद्या पहाटेच्या गाडीनं बिलोलीला जाऊन येतो."

तारखेला व्यंकटी धुतलेल्या सदऱ्यात, रिकाम्या तोंडानं, पुकाऱ्याआधी अर्धा तास दाराशी उभा होता. न्यायाधीशांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कागद उघडले.

भुजंगनं साक्ष झोकात दिली. शरदचंद्र उलटतपासणीला उठले. साहेबरावांनी लिहून दिलेली चिठ्ठी त्यांच्या मुठीत होती. आपण हे प्रश्न का विचारतो आहोत, हे त्यांना निम्मंच कळलं होतं.

"इंजिन गोणपाटात का गुंडाळलं असेल?"

"तापलेलं व्हतं ना साहेब. नुकतंच बंद केलेलं. हात भाजला असता."

व्यंकटीची मान हलली नाही. ओठ मात्र गच्च मिटले होते. तो मोजत होता.

"तुम्ही यापूर्वी कधी कोर्टात गेला आहात?"

"कधीच न्हाई."

शरदचंद्रांनी बिलोलीच्या निकालाची नक्कल पुढं ठेवली. आरोपी, भुजंग मिस्त्री. सहा महिने कैद. इंजिन चोरून, रंग बदलून, स्वतःच्याच दुकानात उघड्यावर ठेवल्याबद्दल.

मग चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे त्यांनी भुजंगच्या दुकानातल्या हिरव्या इंजिनाविषयी सांगितलं, तेव्हा न्यायाधीशांनी फौजदारांना तडक दुकान तपासायला धाडलं आणि भुजंगला तिथंच थांबवून ठेवलं.

फौजदार येईपर्यंत सगळे लिंबाखाली बसले. बसवराज पाटील जरा बाजूला उभे होते. अखेर त्यांनीच विचारलं, "साहेबराव, तुम्हाला कळलं कसं?"

"त्याच्या टोपीनं सांगितलं," साहेबराव म्हणाले. "जन्मात कोर्ट न पाह्यलेला माणूस पुकाऱ्याला दचकतो, इकडं तिकडं बघतो. ह्यानं टोपी काढून डाव्या काखेत घातली. ती रीत एकाच साहेबांची, एकाच गावची, अन् ती बी फक्त आरोपीची. साक्षीदार म्हणून गेला असता तर टोपी डोक्यावरच राहिली असती. म्हणून मी बिलोलीचं दप्तर पाह्यलं."

"पण तेव्हा चोरी केली म्हणून आत्ताही केली, असं कसं म्हणता येईल?" शरदचंद्रांनी विचारलं.

"न्हाईच म्हणता येत. पण कुठं बघायचं ते कळलं. दुष्काळात लोक इंजिनं झाकून ठेवत्यात. पाणी न्हाई, तर गिऱ्हाईक दुरुस्ती कशाला करील अन् रंग कशाला देईल? अन् हे म्हणं निलंग्याहून आणून रंगवलेलं! वकीलसाहेब, तुम्ही त्यावर हात टेकला तेव्हा ते का डुगडुगलं?"

शरदचंद्रांचा चेहरा उजळला. "एका पायाला जाड जोड होता! विंचू!"

"अन् उरलं गोणपाट. व्यंकटीच्या घरी सापडलेल्या गोणपाटाशी गोष्ट जुळवायला ह्यानं साक्षीत इंजिन तापवलं. पण इहीर शिवरात्रीला आटली, चोरी होळीला झाली. पंधरा दिवस बंद असलेलं इंजिन तापंल कसं? खोटं बोलणाऱ्याला कमी सांगून जमत न्हाई, त्याला कारण बी द्यावं लागतं."

उन्हं कलताना जीप आली. मागं इंजिन होतं. फौजदारांनी पायाजवळचा रंग खरवडला होता. खाली निळा रंग आणि वेल्डिंगचा ओबडधोबड जोड. ते पाहून भुजंगनं सगळं कबूल केलं. सरकारी वकिलांनी खटला मागं घेतला, न्यायाधीशांनी व्यंकटीला सोडून दिलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "आज नीट उभा राहिलास."

बाहेर बसवराज पाटील व्यंकटीसमोर आले. इतका उंच माणूस, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचेना.

"चुकलो मी, व्यंकटी. तू चोर न्हाईस."

व्यंकटी विरघळून काही बोलणार, तेवढ्यात सरजाबाई मध्ये आली. "मालक, चोर म्हणलात ते चावडीवर. न्हाई म्हणायचं ते बी चावडीवरच म्हणा. झाडाखाली न्हाई."

पाटलांनी तिच्याकडं बघितलं आणि मान डोलावली. "हाव. तिथंच म्हणतो. उद्या दहाला."

शरदचंद्र आणि साहेबरावही दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोरखेडीला गेले. चावडी भरली होती. बसवराज पाटलांनी पटका काढून हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की व्यंकटी चोर नाही, चूक माझी आहे. सरजाबाईनं त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, कारण मागच्या बायांना नीट ऐकू आलं नव्हतं.